कानात सांगितलेले शेवट

आमच्या चित्रपट मंडळाची एक रीत आहे. सिनेमा संपला की दिवे लागतात, पण चहा लगेच मिळत नाही. आधी प्रत्येकानं जागेवर उभं राहून सिनेमाबद्दल एक वाक्य बोलायचं. एकच. ‘छान होता’, ‘बरा होता’, ‘जरा संथ वाटला’ असली वाक्यं चालत नाहीत. वाक्य लांबलं की सचिव काचेच्या ग्लासवर चमचा वाजवतात आणि बोलणारा गपकन खाली बसतो. सचिव निवृत्त प्राध्यापक आहेत. नोकरीत असताना वर्गानं त्यांचं कधी ऐकलं नाही, त्याचा वचपा ते आता चमच्यानं काढतात.

धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, एक रविवार सोडून एक रविवार, सकाळी आम्ही जमतो. आपल्या गावात कधीच लागणार नाहीत असे सिनेमे पाहतो. काही दूरदेशीचे, काही चार मित्रांनी मिळून घरच्या घरी केलेले, आणि काही असे, की आले तेव्हा त्यांनी शिव्या खाल्ल्या आणि आता त्यांचे भक्त झालेत. भक्तांचं आणि माझं कधी पटलं नाही.

मी या मंडळात सगळ्यांत शेवटी बोलते. हा मान आहे. एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत अशा सिनेमांवर चार-चार ओळींचे शेरे मी बरीच वर्षं लिहिते आहे. खाली नुसती आद्याक्षरं असतात, पण नागपूर ते केवढं, कोण लिहितं हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा शेरा गोड कधीच नव्हता. बक्षिसं मिळवून आलेल्या एका सिनेमावर मी लिहिलं होतं, ‘दोन तास पाऊस पडतो आणि एकाही घरात ओले कपडे दिसत नाहीत.’ एका भुताच्या सिनेमावर, ‘भूत सोडून बाकी सगळे मेल्यासारखे वावरतात.’ आणि तरुण मुलं जीव टाकतात अशा एकावर, ‘हा चारदा पाहिल्यावर कळतो म्हणतात, चारदा भेटल्यावर शेजारीही आवडायला लागतो.’ लोक चिडायचे, फोन करायचे आणि पुढच्या रविवारी आधी तेच पान उघडायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग डोळे बिघडले. आधी उजवा. पडद्यावर मधोमध डाग पडला. या दुखण्यात कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलं जातं. तोंडावर नजर लावली की तोंड नाही, कान आणि खांदे तेवढे आहेत. काही महिन्यांनी डाव्यातही तेच सुरू झालं. डोळ्यात इंजेक्शनं झाली. ती कशी असतात ते मी सांगणार नाही, ज्यांना घ्यावी लागली त्यांना माहीत आहे.

उन्हाळा लागता लागता शेवटची मोठी तपासणी झाली. मी थेंब घातलेले डोळे मिटून बाहेर बाकावर बसले होते. आत बोलावणं आलं ते माझ्या नवऱ्याला. मला राग आला. डोळे माझे आणि समजावणार त्याला? पण उठायची हिंमत नव्हती, हेही खरं. तो बाहेर आला, शेजारी बसला आणि जरा वेळानं म्हणाला, “झालं. आता पुढं नाही जात म्हणे. आहे तेवढं राहते.” ते ऐकून मी त्या बाकावरच रडले. आहे तेवढं मला पुरे होतं. तेवढ्यात राहायचं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, कागदावर ‘तो’च म्हणणार, कागद माझा आहे. तो पारशिवनीकडच्या शेतकरी घरातला, पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला. माझं माहेर धरमपेठेतलं, भोसल्यांच्या काळापासून लेखणी घासणाऱ्यांचं. त्याचं ‘मले-तुले’ माझ्या वडिलांना शेवटपर्यंत खुपलं. मला कधी खुपलं नाही. सिनेमाचं मात्र त्याला काडीचं वेड नव्हतं. मंडळात तो मला सोडायला यायचा, मागच्या रांगेत बसायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागायचा.

माझे डोळे गेल्यावर तोच माझा सिनेमा झाला. मंडळात मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कशाला सांगू? आंधळ्या बाईला सिनेमावर शेरे लिहायला कोण देणार? पुरवणीचा उपसंपादक तिशीतला आहे, त्याच्या ओळखीचे चार जण ते सदर मागून बसले होते. म्हणून आम्ही शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या दोन खुर्च्या धरल्या. शेजारी भला मोठा कूलर. त्याच्या घरघरीत हा माझ्या कानाशी तोंड आणून पडद्यावर काय चाललंय ते सांगायचा, आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून आपल्या बोलीत उतरवायचा.

त्यामुळं जगभरची माणसं माझ्या कानात पारशिवनीचं बोलू लागली. केसाळ कोट घातलेली कुणी गोरी मालकीण मोलकरणीला म्हणायची, “काहून वं, अजून चहा नाही टाकला?” एक जपानी म्हातारा स्टेशनवर मुलाला म्हणाला, “जाय बाप्पा, गाडी सुटून राहिली.” मी अंधारात तोंडावर पदर धरून हसायचे. इतकी वर्षं या सिनेमांत मी काहीतरी उंच, दूरचं पाहत आले होते. आता ती माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, डोळे गेले ते गेले, पण सिनेमा पहिल्यांदा जवळून कळायला लागला.

घरी आल्यावर मी शेरा फोनमध्ये बोलायचे, फोन तो टाइप करायचा, नवरा मला वाचून दाखवायचा. गाडी सुरळीत चालली होती. फक्त एकदा उपसंपादकाचा फोन आला. “मॅडम, हल्ली मवाळ झालात तुम्ही. सगळे चांगल्या शेवटाचेच सिनेमे निवडता का?” मी त्याला फटकारलं, की सिनेमे मंडळ निवडतं, आणि चांगला शेवट करणं हा अजून गुन्हा झालेला नाही. पण मनात म्हटलं, खरंच की. जगाला एकदम काय झालं? सगळीकडे पोरी शाळेत पोचतायत, बाप बरे होतायत, रुसलेले भाऊ एका ताटात जेवतायत.

मग डिसेंबरातला तो रविवार आला. थंडी पडली होती आणि कूलर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. मी ते विसरलेच होते. खोलीत इतकी शांतता, की कुणी खुर्चीत कूस बदलली तरी ऐकू येत होतं. नवरा नुसत्या श्वासानं बोलत होता, तरी दोनदा पुढची बाई मागं वळली. ती दातांची डॉक्टर आहे, नवी सभासद, स्वभावानं सरळ. तिसऱ्यांदा वळली तेव्हा मी त्याच्या मांडीवर हात ठेवून दाबला. जेवढं अगदी लागेल तेवढंच सांगा, असा त्याचा अर्थ.

सिनेमा समुद्राकाठच्या कुठल्यातरी थंड देशातला होता. एका बेटावर एक म्हातारा नावाडी आणि त्याची बायको. पूल झालाय, नावेत आता कुणी बसत नाही. दोघं दिवसभर फार बोलत नाहीत. ती रोज रात्री टेबलावर दोन ताटल्या मांडते, तो जेवतो, ती धुते. शेवटची दहा मिनिटं एकही शब्द नाही. पहाटे तो उठतो, नाव पाण्यात ढकलतो आणि धुक्यात जातो. पडद्यावर सगळं राखाडी झालं. मला कडेचं थोडं पाणी दिसत होतं. मध्ये काय आहे ते दिसत नव्हतं.

“काय झालं?” मी विचारलं.

नवरा बोलेना.

“अहो, काय झालं?”

“थांब ना वं.” मग बऱ्याच वेळानं, “नाव आली.”

“आणि तो?”

पुन्हा शांतता. मग कानाशी श्वास आला. “आला वं. आला तो. नाव लागली काठाले. त्याची बायको दार उघडून राहिली.”

मला इतकं बरं वाटलं, की मी मागं टेकले. ते दोघं मला आवडायला लागले होते. दिवे लागले. आता नेहमीसारखं सगळ्यांचं ऐकायचं, कुणी काय पाहिलं ते मनात जुळवायचं आणि शेवटी उठून बोलायचं, एवढंच उरलं होतं. माझी सगळी लबाडी त्या शेवटच्या जागेवर उभी होती.

सचिवांनी ग्लास वाजवला. “आज उलटं करू. दर वेळी मॅडम सगळ्यांचं ऐकून मग घाव घालतात. आज मॅडमपासून सुरुवात.”

टाळ्या पडल्या. माझी पाचावर धारण बसली. पण उभी राहिले. आवाज मात्र नेहमीचाच निघाला, आवाजाचे डोळ्यांशी काही देणंघेणं नसतं. मी म्हणाले, “सुखाचा शेवट करायला आजकाल धाडस लागतं, आणि या म्हाताऱ्याला घरी परत आणून दिग्दर्शकानं ते दाखवलंय.”

चमचा वाजला नाही. टाळीही वाजली नाही. मी खाली बसले. शेजारी नवऱ्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून होता, तो दगडासारखा घट्ट झाला होता. काय चुकलंय ते कळत नव्हतं, पण चुकलंय हे कळलं होतं.

मग सचिवांचा आवाज आला, अगदी हळू. “वा! काय वाचन आहे!”

त्यानंतर जे झालं ते आमच्याच मंडळात होऊ शकतं. पुढचे गृहस्थ उठले. “मॅडम म्हणाल्या तेच, नाव रिकामी परत येते हेच त्याचं परत येणं.” टिंग. त्यांच्यामागून एक बाई, “रिकामी जागा हीच उपस्थिती, हे मॅडमनी आधी हेरलं.” टिंग. तिसरे म्हणाले, “ती दोनांतली एक ताटली उचलून कपाटात ठेवते, म्हणजे आता दोघं एकाच ताटलीत जेवणार.” टिंग. एरवी एकमेकांची वाक्यं फाडून खाणारी ही माणसं, पण त्यांच्यापैकी एकालाही असं वाटलं नाही, की या बाईनं सिनेमा पाहिलेलाच नाही. इतक्या वर्षांच्या दराऱ्यानं माझी चूक त्यांच्या डोक्यावर नेऊन बसवली होती. दुसरा कुठला दिवस असता तर मी घरी येऊन हसून हसून लोळले असते.

मी नावेचा विचार करत होते. नाव रिकामी आली होती. तिनं एक ताटली उचलून ठेवली होती.

दातांची डॉक्टर उठली. “मला तर तो सरळ मेला असंच वाटलं, आणि तिनं दार उघडलं ते पोलिसांना.” ती बसली नाही. माझ्याकडे वळली असावी, कारण आवाज जवळ आला. “मॅडम, तुम्हाला खरंच तो परत आला असं दिसलं?”

“एकच वाक्य!” सचिवांनी चमचा जोरात वाजवला. सगळे हसले. मीही हसले.

रांगा संपत मागं आल्या. नवरा नेहमी ‘पास’ म्हणतो. त्या दिवशी सचिव फारच रंगात आले होते. “आज साहेबांकडूनही एक वाक्य हवंच!” तो उठला. खुर्ची करकरली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मले तं तो आल्यासारखाच वाटला,” तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी म्हणालं, “नवरा-बायकोचं एकमत! हे तर सिनेमापेक्षा दुर्मिळ!” मी चहा घेतला, दोघा-तिघांशी बोलले, जिना उतरले. जिन्यावर त्यानं नेहमीसारखा माझा कोपर धरला आणि मी तो सोडवून घेतला. कठडा धरून उतरले.

धरमपेठेहून हुडकेश्वरला आमचं घर चांगलंच लांब आहे. स्कूटरवर मी मागं बसले, त्याला धरलं नाही, मागची दांडी धरली. तो दोनदा म्हणाला, “पकडून बस वं.” मी ऐकलं नाही. डोक्यात एकेक सिनेमा परत सुरू झाला होता. शाळेत पोचलेली ती पोर. ती खरंच पोचली? तापातून उठलेला बाप. उठला का तो? भावांच्या त्या ताटात कोण कोण जेवलं? मला आठवलं, प्रत्येक सिनेमाच्या शेवटाकडे हा असाच गप्प व्हायचा, आणि मग आवाजात काहीतरी घोटून घेऊन बोलायचा. मला वाटायचं, रंगलाय. अंगाचा तिळपापड झाला. छापून आले होते माझे शेरे. माझ्या अक्षरांखाली याचे शेवट छापून आले होते. उपसंपादक बिचारा बरोबर होता.

मेडिकल चौकाच्या सिग्नलला स्कूटर थांबली. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. आणि तिथं, त्या गोंगाटात, मला दवाखान्यातला तो बाक आठवला. मिटलेले डोळे. शेजारी येऊन बसलेला तो. डॉक्टरांचं दार लागल्यापासून तो बोलेपर्यंत गेलेला वेळ. ‘झालं. आता पुढं नाही जात म्हणे.’ बोलण्याआधी तो तिथंही असाच गप्प होता. अगदी असाच. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले.

मानेवाड्यापासूनचा रस्ता उखडलेला आहे, स्कूटर धडधडत होती. मला एकाच वेळी वाटत होतं, की घर लवकर यावं आणि घर कधी येऊ नये. आठवडाभर न विचारता राहता येईल का, असंही मी मनात करून पाहिलं. नाही जमणार. ज्या बाईला दुसऱ्याच्या सिनेमाचा शेवट कळल्याशिवाय जेवण जात नाही, तिला स्वतःचा कसा टाळता येईल?

घरात शिरल्यावर तो नेहमीच्या सवयीनं स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं भांडं ठेवलं. चहा झालेला असतानाही. मी दारात उभी राहिले.

“तू चिडली,” तो म्हणाला. “मले मालूम आहे. पण तो म्हातारा मेला असं तुले कसं सांगू? तू इतकी जीव लावून ऐकून राहिली होती. घरी येऊन तू चार दिवस बोलत नाही मंग. पहिलेच डोळ्याचं दुखणं, त्यात हे कोन्या देशातले लोक रोज मरतेत. काहून रडू द्यायचं तुले?”

“सिनेमाचं राहू द्या,” मी म्हणाले. “डॉक्टर काय म्हणाले होते?”

भांड्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. त्यानं गॅस बंद केला नाही.

“कोणते डॉक्टर?”

“अहो.”

“आहे तेवढं राहते म्हणे, सांगितलं तं होतं...”

“एक वाक्य बोला,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “जे ते म्हणाले तेच. तुमचं नको.”

पाणी उतू जाऊन गॅसवर चरचरलं. तेव्हा त्यानं गॅस बंद केला. त्याची पाठ माझ्याकडे होती, तेवढं मला दिसत होतं, आणि खांदे हलत होते.

“डावाही जाईन म्हणे,” तो म्हणाला. “हळूहळू. वर्ष-दोन वर्षं. इंजेक्शनानं फक्त उशीर होते. मंग डाग कडेपर्यंत पसरन, उजेड-अंधार तेवढा कळन.”

मी भिंतीला टेकले. माणसाला वाटतं, असलं ऐकल्यावर आपण कोसळू. मी कोसळले नाही. मला राग आला. असा राग, की हातातली पर्स मी जमिनीवर आपटली आणि चष्मा, चाव्या, थेंबांची बाटली, सगळं घरंगळत ओट्याखाली गेलं.

“उन्हाळ्यापासून!” मी ओरडले. “उन्हाळ्यापासून मी डोळे जपून राहिलेय! पुण्याला लेकीकडे नाही गेले. म्हटलं, नात कुठं पळून जाते, थंडी पडली की जाऊ, डोळे काय, आहेत तेवढे राहणार आहेत. ती पालथी पडायला लागली, बसायला लागली, आता रांगते. मी पाहिलं नाही! अंबाझरीला चला म्हणायचे तुम्ही, मी म्हणायचे पुढच्या रविवारी. हे रविवार मी कुठून आणू? मला मरण सांगितलं असतं तर चाललं असतं. मी सगळं पाहून घेतलं असतं ना! एकेक पाहून घेतलं असतं!”

एवढ्या वर्षांत मी त्याला इतकं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. ऐकत असतील, ऐकू देत.

मग तो खाली बसला आणि ओट्याखालून माझ्या वस्तू वेचायला लागला. चाव्या सापडल्या, बाटली सापडली. चष्मा सापडेना. तो गुडघ्यांवर रांगत हात फिरवत होता आणि पुटपुटत होता, “मले वाटलं, खुशीत राहशीन. जितके दिवस आहे तितके दिवस तरी. मले वाटलं, बस.” त्याच्या आवाजात आता काही घोटलेलं नव्हतं. तो उघडपणे रडत होता आणि मला त्याचा राग येत होता, आणि त्याच वेळी त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटत होती. लग्नात हे असंच असतं. यावर चार ओळींत शेरा लिहिता येत नाही, मी करून पाहिलंय.

“उठा,” मी म्हणाले. “राहू द्या चष्मा. त्यानं तसंही काही होत नाही. इकडं या, खिडकीशी.”

तो आला. खिडकीतून दुपारचं ऊन आत येत होतं, डिसेंबरचं, पिवळं आणि स्वच्छ. मी त्याला दोन्ही दंडांना धरून त्या उन्हात उभं केलं. मग मी तोंड फिरवलं आणि त्याच्या शेजारच्या फ्रिजकडे नजर लावली. मला कुणाचा चेहरा पाहायचा तर असंच पाहावं लागतं, दुसरीकडे बघत. त्याला ते माहीत आहे. तो हलला नाही. शर्टाची वरची गुंडी त्यानं लावली, एवढंच.

मी पाहिलं. उन्हाळ्यापासून त्याला असं निरखून पाहिलंच नव्हतं. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. गाल आत गेले होते. उजव्या भुवईतला तो एक लांब केस तसाच होता. आणि डोकं आणि मिशा पांढऱ्याफेक होत्या. एक काळा केस नव्हता. या माणसाला दर पंधरा दिवसांनी रविवारी आरशापुढे बसून डोक्याला-मिशांना कलप लावताना मी आयुष्यभर चिडवत आले होते.

“कलप कधी सोडलात?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात.”

“काहून?” माझ्या तोंडून त्याचाच शब्द निघाला.

त्यानं बाहीनं नाक पुसलं. “तुले तं दिसत नाही. मंग कोनासाठी लावू वं?”

मी फ्रिजकडेच बघत राहिले, म्हणजे त्याच्याकडे.

“उद्या लावा,” मी म्हणाले. “मला अजून दिसतंय.”